पळसाचं धड, कडब्याचे पाय

१

मी आमच्या गावचा जोशी. नाव गुंडेराव. शहागडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी आमचं गाव, आणि तिथल्या माणसांविषयी न बोललेलंच बरं. पोर झालं की माझ्याकडं, म्हैस हरवली की माझ्याकडं, म्हातारा गेला की माझ्याकडं. माझा स्वतःचा यातल्या कशावर काडीचा विश्वास नव्हता. हलवाई आपली जिलेबी खात नाही, तसंच ते. औरंगाबादेला मॅट्रिकपर्यंत शिकलो, नोकरी लागली नाही, म्हणून या अडाण्यांत येऊन पंचांग उघडून बसलो.

पुंजाराम हा आमच्या गावचा बऱ्यापैकी कुणबी. त्याचा धाकटा भाऊ सखाहरी बेचाळीस साली नगरला जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. मोठा नखरेल गडी. गल्लीतून चालला की लोकांनी वळून बघावं म्हणून चांभाराकडून मुद्दाम करकर वाजणाऱ्या वहाणा करून घेतल्या होत्या त्यानं. फौजेत बूट मिळतात, म्हणून वहाणा घरी राहिल्या. त्याची बायको नंदाबाई दर आठवड्याला त्यांना करडईचं तेल चोळायची, चामडं कडक होऊ नये म्हणून. नवरा सात समुद्रांपलीकडं आणि ही इथं त्याच्या वहाणा चोळतेय, हे बघून मला हसू यायचं.

२

चव्वेचाळीसच्या भाद्रपदापासून सखाहरीची पत्रं इटलीहून यायला लागली. टपाल घेऊन पाशामियाँ घनसावंगीहून पायी यायचा. नंदाबाई पत्र घेऊन माझ्या ओसरीच्या पायरीशी बसायची आणि मी वाचून दाखवायचो.

पहिल्या पत्रात होतं, 'आम्ही डोंगर घेतला. त्याच्या मागं आणखी एक डोंगर आहे.' दुसऱ्यात होतं, 'मागचा पण घेतला. त्याच्या मागं आणखी एक आहे.'

"आन् मंग?" नंदाबाई विचारायची.

"मग काय, आणखी एक डोंगर."

दसरा गेला, दिवाळी गेली, यांचे डोंगर काही संपेनात. जर्मनांनी म्हणे समुद्रापासून समुद्रापर्यंत सगळी डोंगररांग पोखरून ठेवली होती. खडकात सिमेंटचे बुरूज, पुढं काटेरी तार, तारेच्या पुढं सुरुंग. इकडून मोठमोठे जनरल नकाशे पसरून, दुर्बिणी लावून बसलेले, आणि एवढं सगळं करून साधायचं काय, तर डोंगरावर चढायचं. आमच्या गावच्या शेळ्या ते रोज फुकटात करतात. औरंगाबादेहून येणाऱ्या वर्तमानपत्रात तर जर्मनांची ती फळी दर आठवड्याला मोडायची. मी नंदाबाईला म्हणायचो, "तुझ्या नवऱ्याला सांग, डोंगर घेऊन झाले की एखादा इकडं पाठवून दे. आपल्याकडं सगळं सपाट आहे."

ती हसायची नाही. पत्र घडी करून पदरात बांधायची आणि जायची.

मार्गशीर्षातलं पत्र जरा वेगळं होतं. 'इथं बर्फ पडतो. खेचरं मरतात, मग दारूगोळा आम्ही पाठीवर नेतो. जमिनीत सुरुंगाच्या, लाकडाच्या डब्या पुरल्यात. लोखंड हुडकायच्या यंत्राला त्या सापडत नाहीत. माणूस मरत नाही, पण पाय पडला की पाय घेऊन जाते. सुरुंग काढलेल्या वाटेला पांढरी फीत लावतात, आम्ही तिच्या आतून चालतो. माझे पाय लई गार पडतात. वहाणांना तेल लावत जा.'

शेवटचं वाक्य तिनं मला तीनदा वाचायला लावलं.

३

पौषात सरकारी कागद आला. इंग्रजीतला कागद मीच वाचला. सखाहरी लढाईत बेपत्ता, एवढंच त्यात होतं.

"बेपत्ता म्हंजी मेला न्हाई," नंदाबाई म्हणाली.

"म्हणजे जिवंतही नाही," मी म्हणालो.

पुंजारामची पंचाईत वेगळीच होती. त्याच्या पोरीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि मुलाकडचे अडून बसले. घरात सुतक आहे की नाही, ते एकदा ठरवा म्हणाले. पुंजाराम माझ्याकडं आला. "महाराज, कायबी करा पन जल्दी करा."

असा माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घेऊन त्याचा पुतळा करायचा, तो जाळायचा, असं शास्त्र आहे. डोक्याला इतके, हाताला इतके, पायाला इतके, असे मोजून देठ. मी पुंजारामला सांगितलं, लढाईतल्या माणसाला तीन महिने पुरे. असं कुठंही लिहिलेलं नाही. पण विचारणार कोण होतं मला?

विचारलं ते नंदाबाईनं. पायरीशी उभी राहिली. बसली नाही.

"महाराज, तुमच्या तोंडानं सांगा, ते गेले म्हून. मंग मी बांगड्या फोडते. त्याबिगर न्हाई."

दुपारचं ऊन होतं, मला भूक लागली होती. मी म्हणालो, "गेला."

तिनं तिथंच पायरीच्या दगडावर दोन्ही हात आपटले.

४

विधीला रंगपंचमीचा दिवस मीच धरला, कारण दुसऱ्या दिवशी मला घनसावंगीला काम होतं. पोरं गावभर रंग उडवत होती आणि मी पळसाखाली घाम गाळत होतो. फाल्गुनात पळसाला पानं कुठली? झाड सगळं फुलांनी लाल झालेलं, पान एक नाही. मी ओल्या डहाळ्या मोडल्या आणि तेच देठ म्हणून बांधले. डोकं झालं, छाती झाली, हात झाले. पायांपाशी आलो तेव्हा डहाळ्याही संपल्या. तीनशे साठ कोण मोजतंय? नदीकडं जाताना पुंजारामच्या गंजीतला मूठभर कडबा उपसला, सुतळीनं दोन पाय बांधले आणि वरून पांढरं फडकं गुंडाळलं. नारळाचं डोकं, पळसाचं धड, कडब्याचे पाय. सखाहरीपेक्षा देखणाच दिसत होता.

वाळूत ठेवून अग्नी दिला. कडबा भडकन पेटला आणि गुडघ्यापर्यंत बघता बघता राख झाला. वरच्या ओल्या डहाळ्या मात्र नुसत्या धुमसत राहिल्या. धुरानं माझे डोळे चुरचुरायला लागले. थोडा वेळ थांबलो, मग तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि सगळं आटोपलं म्हणून सांगितलं. फडक्यातलं ते काळवंडलेलं धड मी पायानं पाण्यात ढकलून दिलं. पुंजाराम पाठ करून उभा होता, त्यानं बघितलं नाही.

दहाव्याला पुंजारामच्या बायकोनं रीतीप्रमाणं दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकली. मेलेला कोणत्या जन्माला गेला त्याची खूण पिठात उमटते, अशी या लोकांची समजूत. उंदीर फिरला की हे म्हणतात वाघ झाला. सकाळी टोपली उचलली तर पिठात दोन टाचा होत्या. शेजारी शेजारी, माणसाच्या, दाराकडं तोंड करून उभ्या असाव्यात तशा.

बायका किंचाळल्या. मी नंदाबाईकडं बघून म्हणालो, "नाटकं पुरे झाली." ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली.

तेराव्याला दानं झाली. मेलेल्याला वाटेत काटे बोचू नयेत म्हणून त्याच्या वहाणा ब्राह्मणाला द्यायच्या असतात. त्या करकरीत, तेल प्यालेल्या वहाणा माझ्यासमोर आल्या तेव्हा नंदाबाई उठून पुढं आली.

"तेवढ्या नगा नेऊ, महाराज. दुसऱ्या देते की नव्या."

"दान दिलेलं परत मागू नये," मी म्हणालो. चामडं फार मऊ होतं. मी त्या तिथंच पायात घातल्या आणि करकर वाजवत घरी आलो.

५

मी सकाळी उजाडता उठतो, ओसरीवरच्या वहाणा पायात घालतो आणि नदीवर जातो. ही माझी वीस वर्षांची रीत. चारपाच दिवस काही नव्हतं. मग एका सकाळी वहाणा घातल्या आणि मला कसंतरीच झालं. काय झालं ते नदीपर्यंत कळेना.

वहाणा उबदार होत्या. दुसऱ्या कुणीतरी नुकत्याच काढून ठेवाव्यात तशा.

चैत्र महिना, चामडं तापतं, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, मांजर बसत असेल. तिसऱ्या दिवशी त्या आतून ओल्या होत्या. बोट घालून बघितलं तर करडा, गिळगिळीत चिखल निघाला. आमची माती काळी. गावात कुठं थेंब पाणी नव्हतं, नदी घोट्याएवढी झालेली. शिवाय तो चिखल असा गार होता की बोट दुखायला लागलं. मी तो पानानं पुसून टाकला आणि सगुणाला, माझ्या बायकोला, काही बोललो नाही.

वहाणा मी कणगीमागं टाकल्या आणि अनवाणी फिरायला लागलो. त्यानंतर करकर ऐकू यायला लागली. पहाटे, मी अंथरुणात असताना, ओसरीवर. चार पावलं एका अंगाला, चार पावलं दुसऱ्या अंगाला, पहारेकरी फिरतो तशी. उठून बघावं तर ओसरी रिकामी आणि वहाणा कणगीमागंच.

सगुणानं एक दिवस मला फैलावर घेतलं. "दिसत नाही का हो तुम्हाला? आत्ता सारवलं मी माजघर. ओल्यात पाय देऊन ठेवलेत!"

मी बघितलं. सारवणात दोन पावलं उमटली होती, ओसरीच्या दारातून आत आलेली. फक्त एक जोडी. पुढं चालत गेल्याची नाही, मागं फिरल्याचीही नाही. मी शेजारी माझं पाऊल ठेवून बघितलं. ते माझ्यापेक्षा बोटभर लांब होतं.

"माझंच आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तेच पाऊल हातभर आत होतं. मग आणखी हातभर. ओसरी घेतली, माजघर घेतलं, असा हिशेब माझ्याच डोक्यात यायला लागला आणि माझी मलाच लाज वाटली. मॅट्रिक झालेला माणूस मी! तरी देवघराच्या उंबऱ्याला घोड्याची नाल ठोकायला घेतली. घाईत हातोडी चुकली आणि उंबऱ्याच्या डाव्या कडेचा टवका उडाला. मग भस्माची एक पांढरी रेघ ओढली आणि तिच्या आत अंथरूण घातलं. सगुणा माझ्याकडं बघत राहिली.

६

लग्न वैशाखात थाटात झालं. मंगलाष्टकं मीच म्हटली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी देवघरात आडवा झालो. बाहेर उन्हाच्या झळा लागत होत्या म्हणून सगुणानं दारात घोंगडी टांगली होती. घोंगडी जमिनीपासून वीतभर वर होती.

त्या वीतभर जागेत दोन पाय उभे होते.

कुणबाऊ पाय. रुंद पंजे, अंगठ्याची नखं काळीनिळी पडलेली, बोटांच्या बेचक्यांत करडा चिखल. ते उंबऱ्याच्या बाहेर उभे होते आणि गारठलेला माणूस करतो तसे एकमेकांवर घासत होते. मला वाटलं, पुंजाराम असेल. मग ध्यानात आलं की पुंजाराम माझ्या माजघरात कधीच आलेला नाही.

वाऱ्याची झुळूक आली आणि घोंगडी गुडघाभर उचलली गेली. मला दोन घोटे दिसले. वरचं मी बघितलं नाही, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय.

सगुणानं चुलीतले निखारे काढून धुपासाठी भरलेलं घमेलं माझ्या हाताशी, देवघरातच होतं. मी ते उचललं आणि सगळंच्या सगळं घोंगडीखालून फेकलं. कोरड्या जमिनीवर निखारे चर्र वाजले, पाण्यात पडावेत तसे. सगुणा ओरडत बाहेर आली. घोंगडीमागं कुणी नव्हतं. जळलेल्या सारवणाचा वास येत होता आणि कणगीमागून, खूप जल्दी जल्दी, करकर ऐकू आली. मग ती थांबली.

त्यानंतर पंधरा दिवस घरात शांत होतं. माझीच जीत झाली, असं मी समजत होतो.

७

ज्येष्ठात पाशामियाँ पळत आला. म्हातारा माणूस, धाप लागलेली.

"महाराज, खत आलंय! फौजी अस्पतालचं. सखाहरी जिंदा है!"

पत्र मीच वाचलं. सगळं गाव ओसरीखाली उभं होतं. सखाहरी बर्फात जर्मनांच्या हाती लागला होता. बर्फ वितळल्यावर तो निसटला आणि रात्रंदिवस चालत आपल्या फौजेकडं यायला लागला. आपल्या लोकांच्या हाका ऐकू येतील इतक्या जवळ आला आणि तिथं लाकडाच्या डबीवर पाय पडला. आधी एक, पडताना दुसरा. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापले. तारीख दिली होती, एप्रिलची दोन.

मी पंचांग काढलं. काढायची गरज नव्हती. त्या दिवशी रंगपंचमी होती.

नंदाबाई मला काही विचारायला आली नाही. संध्याकाळी पायरीशी येऊन तिनं दोन्ही हात पुढं केले. मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या.

"भरल्या, महाराज. आता म्हना न्हाई म्हून."

मी कणगीमागून वहाणा काढल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या. "घेऊन जा, बाई. तुझ्याच आहेत."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते तिचे, पण हात लावला नाही.

"दान दिल्यालं माघारी घेत न्हाईत," ती म्हणाली आणि गेली.

८

कार्तिकात सखाहरीला बैलगाडीतून आणलं. ज्याचं सगळं करून झालंय असा माणूस परत आला तर त्याचा नव्यानं जन्म करायचा, नाव ठेवायचं आणि बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, अशी रीत आहे. ते सगळं मी केलं, एक अक्षर न गाळता.

सगळं झाल्यावर मंडळी जेवायला बसली. सखाहरी बाजेवर बसला होता, मांडीवर घोंगडी, घोंगडीच्या खाली काही नाही. नंदाबाई उशाशी उभी होती.

"महाराज, एक इचारू का? रागावू नगा," सखाहरी म्हणाला.

"विचार."

"डॉक्टर म्हन्ले, कापल्याले पाय दुखत राहत्यात, सगळ्यायचं तसंच व्हतं. बराबर हाय. पन मला रोज ठेच लागून राह्यली. तुमच्या देवघराच्या उंबऱ्याचा, डाव्या अंगाचा टवका उडालाय का?"

माझ्या घरात तो ओसरीच्या पुढं जन्मात आला नव्हता.

"आधी दगड लागतो, गार. मंग सारवन. मंग ती कड. तिच्यापुढं जाऊ देत न्हाई कुनी." त्यानं माझ्याकडं अगदी गरिबीनं बघितलं. "आन् वैशाखात कुनी भाजलं, महाराज? तीन दिवस वरडत व्हतो म्या. नर्स म्हने, पाय न्हाईत तर भाजत्याल कशे? काय केल्तं म्या कुनाचं?"

पुंजाराम पंगतीतून उठून आला होता. त्यानं ऐकलं. "महाराज, इधीत काय कमीजास्ती झालं आसल तर बघा. आर्धवट राह्यलेलं पुरं करून टाका एकडाव."

अर्धवट काय राहिलं होतं, ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. पायांचं सगळं नीट झालं होतं. राहिलं होतं ते पळसाचं ओलं धड. ते पुरं करायचं म्हणजे काय करायचं, ते मी कुणाला सांगू?

"नको," मी म्हणालो. "काही पुरं करायचं नाही. कुणी करा म्हणाला तरी करू देऊ नका." आणि मी त्या नांगरगट्ट्या, अडाणी पोराच्या बाजेपुढं खाली बसलो आणि सगळ्या पंगतीदेखत रडलो.

आता तीन वर्षं होत आली. निजामाचं राज्य गेलं, वर्तमानपत्रात नव्या फळ्या, नवे डोंगर आले. मी वाचत नाही. उजाडायच्या आत उठतो, चुलीवर पाणी तापवतो. वहाणा देवघराच्या उंबऱ्याच्या आत, डाव्या अंगाला ठेवलेल्या असतात. दर आठवड्याला त्यांना करडईचं तेल चोळतो. भस्माची रेघ मी केव्हाच पुसून टाकली. वहाणांच्या थोडं पुढं, रिकाम्या जागेवर, मी तांब्यानं हळूहळू पाणी घालतो आणि ते जमिनीवर सरळ ओघळत नाही. कशावरून तरी फाकून खाली येतं. मग मी पंच्यानं पुसतो. थंडीत जरा जास्त वेळ लागतो.

आज सकाळी पाशामियाँ दारावरून जाताना थांबला. नंदाबाईचा निरोप होता. पाणी आज थोडं जास्तच कढत होतं म्हणाली.